लांबणकाकांची एक ओळ

पहाटे बोटं वाकत नाहीत अशी थंडी आणि दहा वाजता डोकं तापेल असं ऊन. असलं हवामान लोकांना सर्दी देतं, दवाखान्यांना गर्दी देतं आणि बस आगारातल्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीला स्वेटर देतं. माणूस सहाच्या बसला स्वेटर घालून चढतो, आठ वाजता तो काढून मांडीवर घेतो, नऊला शेजारच्या सीटवर ठेवतो, आणि उतरताना ‘डबा घेतला, पिशवी घेतली, मोबाइल घेतला’ असं पुटपुटत स्वेटर तेवढा सोडून उतरतो.

त्या सोमवारी खिडकी उघडायच्या आधीच दोन क्रेट भरून आले होते. नऊ स्वेटर, तीन मफलर, एक डाव्या हाताचा मोजा, दुधाची बाटली, गणिताची वही, आणि एक इस्त्री. बसमध्ये इस्त्री कोण विसरतं, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. लांबणकाकांना पडला नाही. बावीस वर्षं त्या खिडकीमागे बसून त्यांनी कवळी पाहिली होती, पोपटाचा पिंजरा पाहिला होता, नवरदेवाचा एक बूट पाहिला होता. त्यांनी इस्त्री उचलली, उलटीसुलटी केली, पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली आणि लिहिलं: ‘इस्त्री. विजेची. वायर करडी. बस क्र. ४, मागची सीट.’ दोरा ओवला, गाठ मारली, इस्त्री मांडणीवर. मग वही उघडून त्याच नंबरापुढे लिहिलं: ‘तळाला उजव्या कोपऱ्यात जळकं कापड चिकटलेलं, जांभळं.’

यातली मेख अशी, की चिठ्ठी सगळ्यांना दिसायची आणि वही कुणालाच नाही. ही पद्धत काकांची स्वतःची. नोकरीला लागले तेव्हा ते सगळं चिठ्ठीवरच लिहीत. एकदा त्यांनी लिहिलं, ‘काळी छत्री, मूठ लाकडी, तिसरी काडी वाकडी,’ आणि चिठ्ठी बाहेरच्या फळ्यावर टांगली. दुपारपर्यंत त्या छत्रीला सात मालक आले. सातही जण तिसरी काडी वाकडी असल्याचं शपथेवर सांगत होते, आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांच्या शर्टाची बटणं तोडली. तेव्हापासून बाहेरून दिसतं ते चिठ्ठीवर आणि आतली खूण वहीत. मालकानं येऊन खूण सांगायची, मग वस्तू न्यायची. जाताना चिठ्ठी सोडवून वहीत चिकटवायची आणि शेजारी मालकाची सही घ्यायची. बावीस वर्षांत एकही वस्तू चिठ्ठीसकट खिडकीबाहेर गेली नव्हती.

आता वाचणाऱ्याला वाटेल, इतकं मोजकं लिहिणाऱ्या माणसाला लांबणकाका का म्हणायचे? कारण चिठ्ठीवरून हात उचलला की काकांचं तोंड सुरू व्हायचं आणि मग त्याला घाट, वळणं, थांबे, सगळं लागायचं. ‘घड्याळात किती वाजले?’ असं विचारलं तर ते घड्याळ आगारात कुणी, कधी आणि कुणाशी भांडून लावलं, तिथून गाडी निघायची. विचारणाऱ्याची बस तोवर सुटलेली असायची. ड्रायव्हर लोक त्यांना लांबूनच हात करायचे.

या स्वभावाला नऊ वर्षांपूर्वी एक पुस्तक येऊन मिळालं. पटकथा कशी लिहावी, या विषयावरचं. एका बसमध्ये सापडलं, नव्वद दिवस पडून राहिलं, मालक आला नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची होती. काकांनी ती आपल्या घरी नेऊन लावली. पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं आणि पहिली एकवीस पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे काकांना भेटलेलं पहिलं वाक्य असं होतं: ‘आता आपल्या पात्रांना कुटुंब द्या.’

काकांनी दिलं. हात आखडता न घेता दिलं. पात्रांना आईबाप दिले, आज्या-पणज्या दिल्या, चुलते दिले, चुलत्यांना मेहुणे दिले. नऊ वर्षांत चारशे बारा पानं झाली. घरातल्या कपाटाचा खालचा खण त्या गठ्ठ्यानं भरला आणि काकांची बायको त्याला ‘सवत’ म्हणू लागली. ‘सवतीला जरा सरकवा, चादरी ठेवायच्यात,’ ‘सवत आज फार पसरलीय.’

बायको गाड्या शिकवायची. तिच्या हाताखालून गावातली निम्मी माणसं रस्त्यावर आली होती. तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा आणि तिच्या तोंडात सहसा एकच शब्द असायचा. ‘दाब.’ ‘सोड.’ ‘वळव.’ ‘थांब.’ अशा बाईनं अशा नवऱ्याबरोबर अठ्ठावीस वर्षं काढली, यात दोघांचंही कौतुक आहे.

तर, आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी त्या खणाचा तळ निसटला. चारशे बारा पानं थेट तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आली. क्लचच्या पायावर. ती ओरडली नाही. खुर्चीवर बसली, अंगठा हातात धरला आणि म्हणाली, “अहो, एक विचारू? हे आहे तरी काय?”

“म्हणजे?”

“गोष्ट काय आहे? एका वाक्यात सांगा.”

काकांनी श्वास घेतला आणि सुरुवात केली. अंगठ्यावर बर्फ लावून झाला, बर्फाचं पाणी झालं, पाणी पुसून झालं, तरी गोष्टीतला नायक अजून जन्मला नव्हता.

“नऊ वर्षं लिहिताय,” बायको म्हणाली, “आणि काय लिहिताय ते तुम्हालाच माहीत नाही.”

हे मात्र लागलं. अंगठ्यापेक्षा जास्त लागलं. त्या भरात काकांनी खिशातून एक कापलेली बातमी काढली. एका चित्रपट संस्थेनं नवीन लेखकांकडून पटकथा मागवल्या होत्या. पटकथा आत्ता पाठवायची नाही, आधी फक्त तिची लॉगलाइन पाठवायची. म्हणजे काय, तेही खाली दिलं होतं: कोण आहे, त्याला काय हवंय आणि आडवं काय येतंय, हे सांगणारं एक वाक्य, तीस शब्दांच्या आत. पुढच्या आठवड्याच्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

“ही ओळ मी पाठवणार,” काका म्हणाले. “सोमवारी पाचपर्यंत नाही गेली, तर गठ्ठा रद्दीत. मी स्वतः घालीन.”

“लिहून द्या.”

काकांनी खिशातली कोरी चिठ्ठी काढली. ती त्यांच्या खिशात नेहमी असायचीच. लिहिलं: ‘कागदांचा गठ्ठा. हस्तलिखित. मुदत सोमवार, सायं. ५. नंतर विल्हेवाट.’ बायकोनं ती वाचली, गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि चिठ्ठी अडकवली. गाठ तिनं मारली. तिची गाठ सुटत नसे.

म्हणून त्या सोमवारी नऊ स्वेटरांना चिठ्ठ्या लावताना काकांचं लक्ष घड्याळाकडे होतं. आठवडाभर त्यांनी रोज एक वाक्य लिहिलं होतं. सकाळी आरशासमोर दाढी करताना त्यांनी शेवटचं वाक्य बायकोला ऐकवलंही होतं.

“एका नदीकाठच्या घराण्यात जन्मलेल्या दोन जुळ्या भावांपैकी थोरला, म्हणजे अकरा मिनिटांनी थोरला...”

“अकरा मिनिटं कशाला?”

“ती पुढे कोर्टात कामाला येतात.”

“पुढचं पुढे. आत्ता गाडी कुठं चाललीय?”

“तेच सांगतोय. थोरला, ज्याच्या पणजोबांनी पुरात...”

“तुम्ही आरशात बघून गाडी चालवताय,” बायकोनं किल्ल्या उचलल्या. “मागचंच दिसतंय सगळं. समोरच्या काचेतून बघा. आणि गालाला साबण राहिलाय.”

सव्वानऊला कंडक्टरबाई खिडकीशी आल्या. सात नंबरच्या बसवरच्या. सापडलेल्या वस्तू बाकीचे कंडक्टर क्रेटमध्ये टाकून जात, ह्या मात्र हातात आणून देत, कारण काकांची गोष्ट ऐकायला त्यांना आवडायचं. सगळी नव्हे. दोन फेऱ्यांच्या मधे पंधरा मिनिटं असायची, तेवढी. नऊ वर्षांत पंधरा-पंधरा मिनिटं करत त्यांनी बरीचशी पटकथा पचवली होती. शिवाय त्यांच्याकडे मोठा मोबाइल होता आणि काकांकडे बटणांचा. त्यामुळे संस्थेचा अर्ज त्यांच्याच फोनवर भरून ठेवला होता. नाव, वय, पत्ता, पानं. फक्त एक चौकोन रिकामा होता.

“बोला काका. टाइप करते.”

काकांनी कागद काढून वाचलं. कंडक्टरबाईंचा अंगठा थांबला.

“काका, लाल झालं.”

“काय लाल झालं?”

“चौकोन. तीसच्या वर गेलं की लाल होतो. तुम्ही अजून पणजोबांपाशीच आहात.”

“मग पणजोबा काढा.”

“काढले. तरी लाल.”

“आत्या काढा.”

“आत्या काढल्या. आता वाक्यात कुणी बाई उरली नाही आणि तरी लाल आहे.”

काका दुखावले. एकेका माणसाला त्यांनी वर्ष-वर्ष सांभाळलं होतं. त्यांनी कागद उलटा केला आणि मागे घाईघाईत दुसरंच वाक्य खरडलं. “हे घ्या. छोटं. ‘माणसाच्या आयुष्यातल्या सुखदुःखाचा अखंड प्रवास.’”

कंडक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. “हिरवं झालं.”

“झालं ना!”

“झालं. पण काका, हे तिकिटाच्या मागे पण छापता येईल. सगळ्या मार्गांवर चालेल.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्या गेल्या. वाऱ्यानं एक मफलर खिडकीतून आत आला, तो कुणाचा तेही कळलं नाही. काकांनी त्यालाही चिठ्ठी लावली.

साडेबाराला कंडक्टरबाई परत आल्या तेव्हा काकांचा डबा तसाच बंद होता आणि टेबलावर अकरा चुरगळलेले कागद होते. एका वाक्यात महापूर होता, एकात आंधळा गायक, एकात पैलवान काका आणि त्यांची शेळी. प्रत्येक वाक्यात कुणीतरी ‘नियतीच्या’ काहीतरीत सापडत होतं.

“हे बघा,” कंडक्टरबाई आतल्या स्टुलावर टेकल्या. “तुम्ही इतकी वर्षं मला सांगताय. खरं सांगू, मला त्यातलं काय आठवतं?”

“कोर्टाचा प्रसंग.”

“नाही.”

“पुराचा?”

“पुरात कोण वाहून गेलं आणि कोण नाही, यात माझा दर वेळी गोंधळ होतो. मला फक्त तो म्हातारा आठवतो. छत्री मागायला येतो तो.”

काकांचं तोंड उतरलं. “तो? तो पान दोनशे बारावरचा हो! धाकटा जुळा काही दिवस एका खिडकीवर नोकरी करतो, तिथला. तो प्रसंग मी उगाच घातलाय. लोक थिएटरात पाणी प्यायला उठतात ना, त्या वेळेसाठी.”

“मी नाही उठले,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “तो रोज येऊन छत्री मागतो, आणि त्या कारकुनाला कळतं की याची छत्री कधी हरवलीच नाही, इथपर्यंत तुम्ही सांगितलंत आणि माझी बस लागली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोर्टावर गेलात. चार वर्षं झाली त्याला. कधीकधी तिकिटं फाडताना मधेच आठवतं, की त्या म्हाताऱ्याचं खरं हरवलं काय होतं?”

“अहो बाई, त्याचं ना...”

“आत्ता नको! जेवून घ्या.” त्यांनी मांडणीवरच्या गठ्ठ्यातून कोरी चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. “कागदावर लिहू नका. कागद बघितला की तुम्हाला पूर येतो. यावर लिहा. तुमची गोष्ट बसमध्ये सापडलीय असं समजा. मी पावणेपाचला येते. चार पंचावन्नला माझी गाडी सुटते. मधल्या दहा मिनिटांत पाठवू.”

काकांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि चिठ्ठीकडे बघत बसले. तळहाताएवढा पुठ्ठा. चार ओळींपेक्षा जास्त काही मावत नाही. बावीस वर्षं यावर घरं मावली होती, लग्नं मावली होती. समोरच्या मांडणीवर एक काळी छत्री लोंबत होती, आठवड्यापूर्वीची. तिची चिठ्ठी दोऱ्याशी फाटली होती, नवी लावायची राहिलीच होती. काकांनी छत्री काढून टेबलावर आडवी ठेवली. म्हाताऱ्याची आठवण राहावी म्हणून.

पहिली चिठ्ठी: ‘म्हातारा. छत्री मागतो.’ हे फारच कमी. दुसरीत कारकुनाचा बाप आला, त्याला काकांनी हाताला धरून बाहेर काढलं. तिसरीत सगळं बसलं. कारकून बसला, म्हातारा बसला, छत्री बसली, आणि शेवटी म्हाताऱ्याचं काय हरवलं होतं, तेही बसलं. काका खूश झाले. खूश होऊन त्यांनी ती नेहमीच्या सवयीनं एकदा वाचली, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

“अरे गाढवा,” ते स्वतःलाच म्हणाले, “आतली खूण चिठ्ठीवर?”

सात मालक येतील. शपथेवर सांगतील. आणि गठ्ठा उघडायला एकही थांबणार नाही.

चौथी चिठ्ठी त्यांनी हळू लिहिली. अक्षर वळणदार काढलं. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. लिहिलं ते त्यांना इतकं आवडलं की मोठ्यानं हसू आलं, आणि त्याच वेळी खिडकीवर थाप पडली.

“कुणी आहे का आत? हसण्याचा आवाज येतोय, माणूस दिसत नाही!”

चौकडीचा शर्ट, कपाळावर आठ्या, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. “छत्री. काळी. मागच्या सोमवारी. दोन नंबरची बस.”

काकांच्या हातांनी त्यांना न विचारता पुढची कामं केली. टेबलावरची चिठ्ठी उचलली, दोरा ओवला, टेबलावरच्या छत्रीला गाठ मारली. चिठ्ठी लिहिली की वस्तूला बांधायची, ही हातांची बावीस वर्षांची सवय. डोकं तेव्हा वहीत दोन नंबरची बस शोधत होतं.

“खूण सांगा.”

“कसली खूण? छत्री आहे. उघडते. मिटते.”

“सगळ्याच उघडतात साहेब. आतली काही?”

“तुम्ही पोलीस आहात का?”

“पोलीस असतो तर देऊन टाकली असती. आठवा.”

चौकडीवाल्यांनी डोळे मिटले. आठ्या वाढल्या. मग एकदम चेहरा सैल झाला. “आत एका काडीला निळा दोरा आहे. कापड सुटलं होतं तर आमच्या हिनं शिवलं. काळा दोरा डब्यातच होता, पण उठायचा कंटाळा. म्हणाली, आत कोण बघतंय.”

“आम्ही बघतो,” काका म्हणाले, आनंदाच्या भरातच सही घेतली आणि छत्री दिली.

सव्वाचार झाले होते. काकांनी चहा मागवला. ऐटीत प्यायला. साडेचारला त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचावी म्हणून टेबलाकडे हात नेला. टेबलावर तिसरी चिठ्ठी होती, दुसरी होती, पहिली होती. चौथी नव्हती.

त्यांनी टेबल उचललं. क्रेट उलटे केले. नऊ स्वेटरांच्या बाह्यांत हात घालून पाहिलं, डाव्या मोज्यात पाहिलं, दुधाच्या बाटलीत पाहिलं. इस्त्रीखाली पाहिलं. गणिताची वही झटकली. मग नजर वहीतल्या ताज्या सहीवर गेली आणि त्या सहीशेजारची, चिठ्ठी चिकटवायची जागा कोरी दिसली. काका मटकन स्टुलावर बसले.

पावणेपाचला कंडक्टरबाई पळतच आल्या. “सांगा!”

“होती,” काका म्हणाले.

“होती म्हणजे?”

“लिहिली होती. हरवली.”

कंडक्टरबाईंनी वर खिडकीवरच्या पाटीकडे पाहिलं, मग काकांकडे. “इथं? हरवली?”

“हसू नका हो.”

“हसत नाही.” त्या हसत होत्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढली. “वर्णन सांगा. वस्तू?”

“ओळ. एक.”

“रंग?”

“निळी शाई. बाई, वेळ नाही!”

“म्हणूनच विचारते. काय लिहिलं होतं? आठवून सांगा, मी टाइप करते.”

काकांनी आठवायला सुरुवात केली. “एक कारकून असतो. म्हणजे तो मूळचा धाकटा जुळा. त्याच्या खिडकीवर, खिडकी म्हणजे ती जुनी, आगार नवीन जागी जाणार म्हणून बंद होणार असते, त्याला कारण पूर...”

“लाल,” कंडक्टरबाई म्हणाल्या.

“तसं नव्हतं हो ते. सुरेख होतं. एकापुढे एक शब्द असा येत होता जसा...”

“अजून लाल. चार अठ्ठेचाळीस.”

काकांच्या डोळ्यांसमोर कपाटाचा खण आला. सुतळी आली. बायकोची गाठ आली. त्यांनी वाक्य पुन्हा धरलं, तर त्याला आत्या येऊन लटकल्या. तेही सोडून दिलं. “राहू द्या,” ते म्हणाले. काकांनी आपली गोष्ट आपणहून थांबवलेली कंडक्टरबाईंनी पहिल्यांदाच पाहिली, आणि त्यांचं हसू मावळलं.

तेवढ्यात खिडकीवर छत्रीची मूठ आपटली.

“अहो!” चौकडीचा शर्ट धापा टाकत होता. “हे काय आहे?”

छत्रीला चिठ्ठी लोंबत होती. काकांनी झडप घातली, पण चौकडीवाल्यांनी छत्री मागे घेतली.

“थांब्यावर उभा होतो. म्हटलं, चिठ्ठी तोडून टाकू. तोडायच्या आधी वाचली. तर हे!” त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि सगळ्या आगाराला ऐकू जाईल अशी वाचली. “‘हरवलेल्या वस्तूंची खिडकी आठ दिवसांत कायमची बंद होणार, त्याआधी तिथल्या कारकुनाला शोधायचंय, की कधी न हरवलेली छत्री मागायला रोज येणाऱ्या म्हाताऱ्याचं खरोखर काय हरवलंय.’ बरं. मग?”

“मग काय?”

“मग काय हरवलं होतं? कोण हा म्हातारा? कुठल्या खिडकीवर? हीच का? मी विचार करत उभा राहिलो आणि माझी बस माझ्यासमोरून गेली. रिकामी होती ओ, खिडकीची सीट मिळत होती!”

कंडक्टरबाईंचा अंगठा केव्हाच चालू झाला होता. “‘बंद होणार’च्या पुढे काय? पुन्हा वाचा.”

“या बाई कोण?”

“वाचा हो साहेब! चार बावन्न!”

आवाजात कंडक्टरकी होती. चौकडीवाल्यांनी निमूट पुन्हा वाचलं, शब्द शब्द सुटा करून, आणि चिठ्ठी छत्रीपासून तोडून काकांपुढे टाकली. मागे रांगेत पाण्याच्या बाटलीची चौकशी करायला आलेली एक बाई उभी होती. ती पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, “त्याचा मुलगा हरवला असेल.”

“छे,” चौकडीवाले म्हणाले. “मुलगा हरवला तर माणूस छत्री मागेल का? घराचा रस्ता विसरत असेल. माझा अंदाज.”

“बायको असेल गेली,” बाई म्हणाली.

“मग रोज इथंच का?”

“अहो काका, सांगा ना!”

दोघं काकांकडे बघत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा काकांना कुणी ‘पुढे सांगा’ म्हणत होतं. तोंड उघडलं होतं. पूर, पणजोबा, अकरा मिनिटं, सगळं दाराशी येऊन उभं राहिलं होतं. काकांनी तोंड मिटलं.

“ते वहीत आहे,” ते म्हणाले.

“मग वही दाखवा.”

“वही दाखवत नाही आम्ही.”

“हिरवं!” कंडक्टरबाई ओरडल्या. “चोवीस शब्द! पाठवू?”

“पाठवा.”

बाहेर सात नंबरच्या बसचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बाईंनी फोन वर धरला, खाली धरला, खिडकीबाहेर हात काढून धरला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. चार चौपन्नला ‘आपला अर्ज मिळाला आहे’ असं उमटलं. बाईंनी ते काकांना दाखवलं, चौकडीवाल्यांना दाखवलं, बाटलीवाल्या बाईलाही दाखवलं आणि पळत सुटल्या. “ही कुठली बस?” चौकडीवाल्यांनी विचारलं. “सात नंबर! दोनच्या मार्गानंच जाते, चला!” बाई पळता पळता ओरडल्या. चौकडीवाले दोन पावलं धावले, परत वळले, बोट रोखून म्हणाले, “मी उद्या येणार! सांगावं लागेल!” आणि धावले.

बाटलीवाल्या बाईची बाटली निघाली. झाकणाच्या आत मुलीचं नाव खरवडलेलं होतं, तिनं ते बरोबर सांगितलं. सही करताना तिनंही एकदा विचारून पाहिलंच. काका नुसते हसले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना बटणांचा फोन वाजला.

“गेली?” बायकोनं विचारलं.

“गेली.”

“खरं? मी कपाटासमोर बसलेय. पिशवी घेऊन.”

“गेली गं. चार चौपन्नला.”

“वाचा बघू.”

चिठ्ठी समोर होती. काकांनी वाचली.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच.”

“यात तो अकरा मिनिटांचा थोरला कुठाय?”

“तो नाही. त्याला बहुतेक काढावा लागेल. सगळ्यांनाच. धाकट्याला पण जुळा ठेवत नाही आता. साधा कारकून.”

“हं. त्या म्हाताऱ्याचं हरवलं काय होतं?”

“ते आत आहे.”

“मला नका सांगू वहीची तऱ्हा. मी बायको आहे तुमची.”

“तरी पण.”

“कितव्या पानावर?”

काकांनी क्षणभर फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, हा आपलाच आहे ना म्हणून. “दोनशे बारा,” ते म्हणाले.

पलीकडे काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग सुतळीशी झटापट. मग अस्सल वैताग. “ही गाठ कुणी मारली?”

“तूच.”

“कात्री कुठाय?” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खिडकीचं ऊन उतरलं होतं. आता थंडी परत येणार, आणि सकाळी स्वेटर विसरलेली माणसं हात काखेत घालून रांगेला येणार. काका मांडणी लावायला उठले, तर खिडकीच्या कट्ट्यावर काळी छत्री पडलेली. चौकडीवाले ती ठेवून बसमागे धावले होते.

“अहो!” काकांनी बाहेर डोकं काढून हाक मारली. सात नंबरची बस फाटकातून वळून गेली होती.

काका आत आले. छत्री उघडून एकदा पाहिली, मिटली. कोरी चिठ्ठी काढली. ‘छत्री. काळी. मूठ लाकडी. खिडकीवर, सोमवार सायं.’ दोरा ओवून गाठ मारली, नंतर वही पुढे ओढली आणि नव्या नंबरापुढे लिहू लागले: ‘आत एका काडीला निळा दोरा...’